मणक्यातला निर्णय

नेदरलँड्स, ब्रिटन, स्पेन, तुर्कस्तान आणि अमेरिका या पाच देशांतल्या पाचशे जोडप्यांच्या शयनघरात चार आठवडे एक जास्तीची वस्तू होती. स्टॉपवॉच. ते बाईच्या हातात असायचं. शिश्नाचा योनीत प्रवेश झाला की तिने कळ दाबायची, वीर्यस्खलन झालं की पुन्हा दाबायची आणि आकडा लिहून ठेवायचा. मार्सेल वाल्डिंगर या डच मनोविकारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००५ साली हे आकडे प्रसिद्ध केले. सर्वसाधारण पुरुषांबद्दल तोवर जगाकडे जे काही होतं, त्यात मापापेक्षा अंदाज आणि बढाया जास्त होत्या.

मधला आकडा निघाला ५.४ मिनिटांचा. म्हणजे निम्म्या पुरुषांचं त्याआधी झालं, निम्म्यांचं त्यानंतर. अर्धा-अर्धा तास ही किमान अपेक्षा मानून बसलेल्या कित्येकांना हा आकडा वाचून हायसं वाटेल, आणि वाटावंच. पण मला थक्क करतात ती दोन टोकं. सगळ्यांत लवकर झालेला पुरुष अर्ध्या मिनिटाच्या जेमतेम पुढे, सगळ्यांत उशिरा झालेला ४४ मिनिटांवर. एकाच प्राण्यात, एकाच क्रियेत, ऐंशी पटींचा फरक! आलेखावर सगळी गर्दी डावीकडे, आणि उजवीकडे लांबच लांब पातळ होत गेलेलं शेपूट.

या मोजणीने काही लाडक्या समजुतीही मोडल्या. निरोधामुळे वेळ वाढते असं दिसलं नाही. वय वाढलं की पुरुष आपोआप सावकाश होतो असं आपण ऐकत आलो आहोत. इथे अठरा ते तीस वयाच्या गटाचा मधला आकडा ६.५ मिनिटं होता आणि पन्नाशीपुढच्यांचा ४.३. चार वर्षांनी अशीच दुसरी मोजणी प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या घड्याळावर आकडा दिसतच नव्हता, म्हणजे मोजणाऱ्यांचा मोह टळला. तेव्हा मधला आकडा सहा मिनिटांचा आला. चित्र तेच.

घड्याळ नव्हतं तेव्हाही हा फरक लोकांच्या नजरेतून सुटला नव्हता. वात्स्यायनाने कामसूत्रात पुरुषांचे काळानुसार तीन प्रकार केले आहेत: शीघ्र, मध्य आणि चिर. उशिरा होणाऱ्यावर स्त्रिया जास्त लोभ करतात आणि लवकर होणाऱ्यावर चिडतात, हेही त्याने आडपडदा न ठेवता नोंदवलं आहे. पण यादी त्याने माणसांच्या प्रकारांची केली, रोगांची नव्हे. चरकाने मात्र रोगाच्या बाजूने पाहिलं. वात शुक्रात बिघडला की शुक्र लवकर सुटतं, किंवा उलट अडून राहतं, असं त्याचं म्हणणं. लवकर आणि उशिरा ही दोन्ही टोकं एकाच यंत्रणेच्या बिघाडात बसवण्याची त्याची सूचना आजच्या शरीरशास्त्राशेजारी ठेवून वाचली तर दचकायला होतं. वाताची कल्पना बाजूला ठेवली तरी.

कारण यंत्रणा खरोखर एकच आहे, आणि ती डोक्यात नाही.

वीर्यस्खलन दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात सामग्री गोळा होते. वृषणाला चिकटलेल्या अधिवृषणाच्या शेपटाकडून शुक्रजंतू नळीतून वर ढकलले जातात. वीर्यकोश आपला चिकट, साखरयुक्त द्रव ओततो, प्रोस्टेट ग्रंथी आपला पातळ, दुधाळ द्रव मिसळते, आणि हे सगळं मूत्रमार्गाच्या मागच्या भागात येऊन थांबतं. त्याच वेळी मूत्राशयाचं तोंड घट्ट मिटतं, नाहीतर माल उलट्या दिशेने जाईल. (मधुमेहाने नसा खराब झालेल्या काही पुरुषांत आणि प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्या काहींत तो खरंच उलटा जातो, पुरुषाला सुख तर मिळतं, पण बाहेर काही येत नाही आणि तो घाबरतो.) मागचं दार बंद, पुढचं अजून उघडायचं, मध्ये दाब वाढतोय. ‘आता येणार’ ही जाणीव हीच. त्या क्षणानंतर पुरुषाच्या हातात काही उरत नाही, नाकात हुळहुळून आलेली शिंक जशी मागे फिरत नाही तसं. मग दुसरा टप्पा: पुढचं दार उघडतं आणि शिश्नाच्या मुळाशी असलेला स्नायू ठेक्यात आकुंचन पावू लागतो. पहिल्या काही आकुंचनांमधलं अंतर जवळपास ठरलेलं, ०.८ सेकंद. श्रीमंत, गरीब, घाईचा, सावकाशीचा, सगळ्यांचा ठेका साधारण सारखाच.

एवढं करून बाहेर येतं ते जेमतेम चमचाभर, आणि त्यातही शुक्रजंतूंचा वाटा शेकडा पाचाच्या आसपास. बाकी वीर्यकोश आणि प्रोस्टेटचे द्रव. रक्ताच्या शंभर थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. शरीराला असल्या हिशेबाची कल्पनाही नाही.

या दोन टप्प्यांचा ताळमेळ कोण ठेवतं? सामग्री गोळा करण्याचा हुकूम पाठीच्या खालच्या भागातून निघतो. बाहेर फेकण्याचा हुकूम त्याहून खाली, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीच्या नसांमधून जातो. दोन वेगळी खाती, तरी सेकंदाची चूक होत नाही. २००२ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठातले विल्यम ट्रुइट आणि लीक कूलन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात उत्तर दिलं. उंदरांच्या मज्जारज्जूत, कंबरेच्या पातळीवर, त्यांना पेशींचा एक छोटा पुंजका दिसला. नेमक्या तेवढ्याच पेशी त्यांनी एका विषाने मारल्या. उंदीर मादीच्या मागे लागत होते, चढत होते, समागम करत होते, सगळं नेहमीसारखं. स्खलन मात्र होत नव्हतं. इच्छा शाबूत, ताठरता शाबूत, क्रिया शाबूत आणि शेवट गायब. २०१७ साली फ्रेंच संशोधकांनी माणसाच्या मज्जारज्जूतही, कंबरेच्या तिसऱ्या ते पाचव्या खंडांत, तसाच पुंजका असल्याचं दाखवलं.

म्हणजे शेवटचा निर्णय मणक्यात होतो. अपघातात ज्यांचा मज्जारज्जू वरच्या बाजूला तुटला आहे आणि कंबरेखाली ज्यांना काहीच जाणवत नाही, अशा पुरुषांत शिश्नाला ठरावीक कंप देणारं उपकरण लावलं की बहुतेकांचं स्खलन होतं. इजा दहाव्या पाठमणक्याच्या वर असली म्हणजे झालं. मेंदूला खबर नाही, सुख नाही, पण वीर्य मिळतं, आणि त्यातून कित्येकजण बाप झाले आहेत.

मग मेंदू काय करतो? प्रामुख्याने आवर घालतो. बेशुद्ध उंदरात स्खलनाचा हा प्रतिक्षेप सहजी उमटत नाही. मज्जारज्जू मेंदूपासून तोडला की लगेच उमटतो. मेंदूच्या देठातल्या काही पेशींचे धागे थेट कंबरेपर्यंत उतरतात, आणि ‘इतक्यात नको’ हा त्यांचा निरोप नेतो तो सेरोटोनिन. उदासीच्या गोळ्यांमुळे ज्याचं नाव घरोघरी गेलं, तोच. निरोप जोरकस असेल तर माणूस सावकाश, क्षीण असेल तर झटपट, आणि ही पातळी बऱ्याच अंशी जन्मासोबत येते.

हे नीट पाहिलं तर ‘कमजोरी’ या शब्दाला इथे जागाच नाही, आणि मला एवढंच ठासून सांगायचं आहे. लवकर स्खलन होणाऱ्या पुरुषाची यंत्रणा दुबळी नसते. उलट ती फारच तत्पर असते. थोडा आहे तो आवर. दुबळेपणा समजून केलेला प्रत्येक उपाय, मग तो खुराक असो, शिलाजित असो की घोड्याचं चित्र असलेली बाटली, चुकीच्या दाराशी जाऊन टकटक करतो.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या प्रयोगशाळेत साध्या विस्टार जातीच्या उंदरांना अर्धा-अर्धा तास माद्यांसोबत सोडून पाहिलं. बहुतेक नरांचं तेवढ्या वेळात दोन-तीनदा स्खलन झालं. दहातला साधारण एक चार-पाच वेळा उरकून मोकळा, आणि दहातला एक शून्य किंवा एकावरच. पुढच्या चाचण्यांतही चपळ ते चपळच राहिले, सुस्त ते सुस्तच. या उंदरांचं बालपण करपलेलं नव्हतं, त्यांनी चोरून काही केलेलं नव्हतं, बापाचा धाक नव्हता. फिनलंडमधल्या जुळ्यांच्या अभ्यासातही लवकर स्खलनाच्या फरकाचा अंदाजे तीस टक्के वाटा आनुवंशिक निघाला. उरलेला कुठून येतो, यावर मानसशास्त्राने शतकभर तर्क लढवले. १९१७ साली कार्ल आब्राहम या फ्रॉइडच्या शिष्याने अबोध मनातल्या वैराकडे बोट दाखवलं. १९७० साली मास्टर्स आणि जॉन्सन या जोडीने सांगितलं की सुरुवातीचे अनुभव घाईघाईत, कुणी येईल या भीतीत उरकावे लागले की घाईची सवय जडते. ऐकायला पटतं. पण हे खरं असतं तर गिरगाव-परळच्या दहा बाय बाराच्या खोल्यांत, पडद्याआड, सासू-सासऱ्यांच्या श्वासांचा कानोसा घेत संसार केलेल्या पिढ्यांतला एकही पुरुष यातून सुटायला नको होता.

निसर्गाला तर घाईचं वावडं नाहीच. चिंपांझीचा समागम सात-आठ सेकंदांत आटोपतो, गोरिलाचा मिनिटभरात. ओरांगउटान मात्र पाव तास घेतो. सगळ्यांत अजब कथा गालापागोस बेटांवरच्या समुद्री इग्वानांची. तिथल्या लहान नराला स्खलनासाठी जवळपास तीन मिनिटं लागतात आणि तेवढ्यात एखादा दांडगा नर येऊन त्याला मादीवरून ओढून काढतो. म्हणून हे लहान नर आधीच वीर्य सोडून ते अवयवाच्या खोबणीत साठवून ठेवतात आणि मादी भेटली की क्षणात पोचवतात! १९९६ साली हे निरीक्षण प्रसिद्ध झालं. त्याच्या बरंच आधी, १९४८ मध्ये, लैंगिक वर्तनाचा अमेरिकन अभ्यासक आल्फ्रेड किन्सी याने बहुतेक अमेरिकन पुरुषांचं दोन मिनिटांत होतं असं लिहिलं आणि झटपट प्रतिसादाला दोष म्हणणंच विचित्र ठरवलं. लॉरेन्स हाँग नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९८४ साली त्याच्याही पुढे जाऊन, उत्क्रांतीत जलद पुरुषच तगले असा सिद्धान्त मांडला. गोष्ट चटकदार आहे, पण ओरांगउटान तिला दाद देत नाही. आणि किन्सीने हिशेबात एकच माणूस धरला, पलंगावर दोघं असताना.

मग रोग कशाला म्हणायचं?

आज डॉक्टर तीन गोष्टी एकत्र पाहतात, तिन्ही हजर असाव्या लागतात. पहिली वेळ: पहिल्या अनुभवापासूनच, नेहमी किंवा जवळपास नेहमी, प्रवेशाआधी किंवा प्रवेशानंतर सुमारे एका मिनिटात स्खलन. दुसरी ताबा: लांबवायचं म्हटलं तरी लांबवता न येणं. तिसरी त्रास: त्यामुळे मनस्ताप, चिडचिड, जवळीकच टाळणं. एक मिनिट ही रेघ हवेतून आलेली नाही. स्टॉपवॉचच्या त्या पाचशे जोडप्यांत शंभरातले दोन-तीन पुरुषच सव्वा मिनिटाच्या आसपास किंवा त्याआत होते, आणि आयुष्यभर हा त्रास असणाऱ्या डच रुग्णांची वेळ मोजली तेव्हा त्यातल्या नव्वद टक्क्यांचं मिनिटभरात होत होतं. अमेरिकन मनोविकारशास्त्राची नियमावली आणखी एक अट घालते: हे किमान सहा महिने चाललेलं असावं, आणि चारातल्या तीन वेळा तरी घडत असावं.

आता एक विसंगती पाहा. ‘तुमचं फार लवकर होतं का?’ असं नुसतं विचारलं की वेगवेगळ्या देशांतले वीस ते तीस टक्के पुरुष हो म्हणतात. वरच्या तीन अटी लावल्या की उरतात चारेक टक्के. मधले सगळे कोण? वाल्डिंगरने त्यांची दोन गटांत विभागणी केली. काहींचं कधी लवकर होतं, कधी होत नाही: दमलेले असताना, बऱ्याच दिवसांच्या खंडानंतर, नव्या नात्यात, लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यांत. तो शरीराचा नेहमीचा चढउतार आहे, त्याला औषध लागत नाही. दुसऱ्यांची वेळ घड्याळाप्रमाणे अगदी सामान्य, चार मिनिटं, आठ मिनिटं, क्वचित त्याहूनही जास्त, तरी त्यांची खात्री असते की आपलं लवकरच होतं. या दुसऱ्या गटाचं दुःख खोटं नाही. पण ते कंबरेतून येत नाही. ते चित्रफितींतून येतं, जिथे कापून-जोडून केलेला अर्धा तास सलग वाटतो, आणि मित्रांच्या बढायांतून येतं. दवाखान्यात येऊन ‘डॉक्टर, टायमिंग कमी आहे’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न असा विचारायला हवा: कमी, कुणापेक्षा?

अमेरिका आणि कॅनडातल्या लैंगिक उपचारतज्ज्ञांना २००८ साली योग्य वेळ कोणती असं विचारलं, तेव्हा त्यांनी तीन ते सात मिनिटं पुरेशी आणि सात ते तेरा मिनिटं हवीहवीशी मानली. दहा ते तीस मिनिटं त्यांच्या मते ‘फारच लांब’ होती. अनेक बायकांना हे सांगावं लागणार नाही.

ज्यांचं आधी सगळं ठीक होतं आणि आता अचानक लवकर होऊ लागलं, त्यांची गोष्ट वेगळी. वेळ घसरून साधारण तीन मिनिटांवर किंवा त्याखाली येते आणि त्यामागे बहुतेकदा काहीतरी सापडतं. इटलीतल्या एका अभ्यासात थायरॉईड अतिकार्यक्षम असलेल्या पुरुषांपैकी निम्म्यांना हा त्रास होता. थायरॉईडवर उपचार झाल्यावर तो पंधरा टक्क्यांवर आला. गळ्यातली ग्रंथी शांत झाली आणि कंबरेतला पुंजका ताळ्यावर आला, लैंगिक औषधाची एक गोळीही न घेता! तेव्हा छातीत धडधड, हातांना कंप, भूक असून वजन उतरणं, घाम, यांच्या सोबतीने वेळ घटली असेल तर रक्ताची चाचणी करून घ्यावी. प्रोस्टेटला सूज असेल तर लघवीला जळजळ, बैठकीच्या जागी ठणका, स्खलनाच्या वेळी कळ असते.

पण सगळ्यांत जास्त गोंधळ ताठरतेच्या बाबतीत होतो. चाळिशीपुढच्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाला ताठरता टिकेल की नाही याची धास्ती असते. ती जायच्या आत उरकावं म्हणून तो नकळत वेग वाढवतो. दवाखान्यात तक्रार मात्र लवकर होण्याची करतो, कारण ती सांगायला जरा कमी लाज वाटते. उलट बाजूने, स्खलनानंतर ताठरता उतरणारच, तो निसर्गनियम. काहीजण त्यालाच नपुंसकत्व समजतात. म्हणून विचारायचं ते हे: ताठरता जाते म्हणून घाई होते, की घाई होते म्हणून ताठरता जाते? पहिलं असेल तर आधी उपचार ताठरतेवर, आणि रक्तातली साखर, रक्तदाब, हृदय यांच्याकडेही एक नजर टाकायची. शिश्नाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून त्या आधी कुरकुरतात.

आपल्याकडे या सगळ्यावर भिंतींनी कब्जा केला आहे. रेल्वेरुळांलगत, एसटी स्टँडमागे, मुतारीत रंगवलेली ती तीन नावांची आरती: स्वप्नदोष, शीघ्रपतन, नपुंसकत्व. तीन वेगळ्या गोष्टी, त्यातली पहिली तर आजारही नाही, आणि तिन्हींवर एकच पुडी. खरं तर १९५४ पासून या देशात लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीला कायद्याने बंदी आहे. औषध नियमांच्या ‘जे’ अनुसूचीत तर ज्या आजारांवर इलाज असल्याचा दावाच करता येत नाही अशांची यादी आहे, आणि समागमाचा काळ वाढवणं त्यात नाव घेऊन नोंदलेलं आहे. भिंतींना हे कुणी कळवलेलं दिसत नाही.

लघवीतून धातू जाते, शक्ती जाते, या भीतीने खंगणाऱ्या तरुणांसाठी डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं. अशा मुलांना बऱ्याचदा शीघ्रपतनाचीही तक्रार असते, आणि दोन्हीच्या मुळाशी एकच चिंता सापडते. महाराष्ट्रात ही भीती मोडायचा प्रयत्न एका गणिताच्या प्राध्यापकाने केला. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, वाचकांच्या खाजगी प्रश्नांना तिथे सरळ उत्तरं दिली, आणि त्याबद्दल खटले अंगावर घेतले. १९३४ मध्ये कोर्टात त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा विभाग उभा केला. म्हणजे नीट विचारायची जागा आपल्याकडे केव्हापासून आहे. भिंत मात्र जवळ पडते.

पुडीत काय असतं, हा खरा धोका. अफूचे पदार्थ आणि ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं स्खलन लांबवतात, हे बाजाराला ठाऊक आहे. पण त्यांची सवय लागते, आणि सोडू लागलं की स्खलन आधीपेक्षाही लवकर होतं. माणूस मग पुन्हा पुडीकडे जातो.

खरं औषध अपघाताने सापडलं. उदासीच्या गोळ्या घेणारे पुरुष तक्रार करू लागले की आमचं स्खलन होतच नाही. कुणाचा त्रास तो कुणाचा इलाज! १९७३ साली क्लोमिप्रामिनबद्दल पहिली नोंद झाली, नंतर पॅरॉक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन आली. सगळी सेरोटोनिनचा तोच ‘इतक्यात नको’ जोरकस करणारी. ती रोज घ्यावी लागतात, परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि ती एकदम तोडायची नसतात. याच घराण्यातलं डॅपॉक्सेटिन शरीरातून झटकन उतरतं, म्हणून ते लागेल तेव्हाच, एक ते तीन तास आधी घेता येतं. भारतात ते मिळतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. मळमळ होते, चक्कर येते, क्वचित माणूस बेशुद्ध पडतो, आणि उदासीच्या इतर गोळ्यांसोबत ते घेऊच नये. २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत अडीच हजारांहून जास्त पुरुष होते. सुरुवातीला त्यांची सरासरी वेळ ०.९ मिनिट. साठ मिलिग्रॅम घेणारे ३.३ मिनिटांवर पोचले, तीस मिलिग्रॅमवाले २.८ वर. आणि ज्यांना औषध म्हणून औषध नसलेली गोळी दिली होती? तेही पावणेदोन मिनिटांवर. वेळ जवळपास दुप्पट, नुसत्या विश्वासावर. भिंतीवरच्या पुडीला ‘गुण येतो’ तो कसा, हे इथे उलगडतं.

बधिर करणारं मलम किंवा फवारा हा साधा उपाय आहे. दहा-वीस मिनिटं आधी लावायचा आणि आठवणीने पुसायचा. नाहीतर जोडीदारीण बधिर होते, आणि मग सगळा खटाटोप कुणासाठी केला हा प्रश्न उरतो. १९५६ साली जेम्स सीमन्स या अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञाने त्याहून साधी युक्ती सांगितली होती: मागे फिरता न येण्याच्या जागेच्या जरा अलीकडे थांबा, लाट ओसरू द्या, पुन्हा सुरू करा. या सरावात पुरुष तो क्षण ओळखायला शिकतो. बहुतेकांनी त्याकडे कधी लक्षच दिलेलं नसतं. सुरुवातीला फायदा बराच दिसतो, सराव सुटला की पुष्कळांचा विरतो. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम मला जास्त आशादायक वाटतो. इटलीतल्या चाळीस पुरुषांनी फिजिओथेरपीच्या मदतीने तो बारा आठवडे केला. त्यातल्या तेहेतीस जणांना ताबा आला, वेळ सरासरी अर्ध्या मिनिटावरून जवळपास अडीच मिनिटांवर गेली. अभ्यास लहान होता, तुलनेला दुसरा गट नव्हता. पण खर्च फारसा नाही आणि दुष्परिणाम नाहीत.

आता बाईकडे वळू. आतापर्यंतचे जवळजवळ सगळे आकडे तिने मोजलेले किंवा तिच्यासाठी ताणलेले. मेक्सिको, इटली आणि दक्षिण कोरियातल्या सुमारे साडेचौदाशे स्त्रियांना विचारलं, की नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या या त्रासात तुम्हाला सर्वांत जास्त काय खुपतं. कमी वेळ हे उत्तर दुसऱ्या क्रमांकावर आलं. पहिल्या क्रमांकावर होतं ते असं: त्याचं सगळं चित्त स्वतःच्या कामगिरीवर असतं, माझ्या बाकीच्या गरजांकडे त्याचं लक्षच नसतं. पुष्कळ स्त्रियांना नुसत्या प्रवेशाने तृप्ती मिळतही नाही, मग तो एक मिनिटाचा असो की दहा. स्खलनानंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहणारा पुरुष जे हिरावून घेतो, त्याला घड्याळात मापच नाही. म्हणून चांगला डॉक्टर पहिल्या नाही तरी दुसऱ्या भेटीत ‘बायकोला घेऊन या’ म्हणतो. कधी कधी तिथेच पहिल्यांदा कळतं की तिची तक्रार नव्हतीच, किंवा होती ती वेगळीच होती.

तपासणी फारशी नसते. डॉक्टर मुख्यतः विचारतात: कधीपासून, दर वेळी का, अंदाजे किती वेळ, थांबवता येतं का, ताठरता कशी आहे, हस्तमैथुनात काय होतं, कोणती औषधं चालू आहेत, झोप आणि दारू किती. घरी घड्याळ लावायची गरज नसते, अंदाज पुरतो. ज्यांचं प्रवेशाआधीच होतं आणि म्हणून लग्नाला वर्षं उलटूनही दिवस जात नाहीत, अशी जोडपी वंध्यत्वाच्या दवाखान्यात महागड्या तपासण्यांच्या रांगेत बसलेली असतात आणि दोघांपैकी कुणीही खरं कारण उच्चारत नाही. वीर्य चांगलं, अंडनलिका मोकळ्या, अहवाल सगळे नॉर्मल. त्यांच्यासाठी उपाय अगदी सोपा आहे: वीर्य वेगळं घेऊन ते गर्भाशयात सोडायचं, आणि शीघ्रपतनावरचे उपचार सोबत सावकाश चालू ठेवायचे. फक्त ते एक वाक्य डॉक्टरांना सांगावं लागतं.